नांगर ठेवायचा कुठे?

नांगर किती किलोचा घ्यावा, दोर किती वाव असावा, हे प्रश्न होडीवाले एकमेकांना विचारतात आणि त्यांची उत्तरंही बंदरावरच मिळतात. अडतं ते पुढे. आणलेला नांगर होडीत ठेवायचा कुठे, हा प्रश्न अलीकडे वाचकांकडून फिरून फिरून येतो. विचारणारे बहुतेक लाकडी होडीवरून फायबरच्या होडीवर आलेले असतात, आणि त्याला कारण आहे. लाकडी होडीत नांगराची जागा सुताराने आणि आधीच्या पिढीने ठरवून दिलेली असे. नाळेत एक जाड खुंट असे, आतल्या फासळ्यांमध्ये नांगर अडकून बसे, खालचं लाकूड मार खाई आणि कुणी त्याचा विचारही करत नसे. फायबरची होडी साच्यातून निघते. आतून गुळगुळीत, ओली झाली की निसरडी, आणि अडकवायला धड एक कंगोरा नाही. दहा-बारा किलोचं लोखंड तिथे नुसतं ठेवलं की लाटेबरोबर ते नाळेपासून वल्ह्यापर्यंत फिरून येतं.

हा लेख अठरा ते अठ्ठावीस फुटी, मागे आउटबोर्ड इंजिन लावलेल्या, दोन-चार माणसांच्या होडीसाठी आहे. ट्रॉलर आणि पर्ससीनच्या नौकांवर विंच असतो, माणसं असतात. त्यांचं गणित वेगळं.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा

ठेवलेल्या नांगराकडून तुम्हाला दोन गोष्टी हव्यात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. त्याने आपणहून हलता कामा नये, आणि तुम्हाला हवा तेव्हा तो क्षणात पाण्यात गेला पाहिजे. बहुतेक होड्यांवर यातली एकच सांभाळलेली दिसते. कुणी नांगर इतका करकचून बांधतो की सोडवायला सुरी लागते. कुणी इतका मोकळा ठेवतो की उधाणात तो स्वतःच उडी मारतो.

मासेमारीला थांबायचं असेल तर नांगर सावकाश काढता येतो, पाच मिनिटं गेली तरी बिघडत नाही. प्रश्न इंजिन बंद पडतं तेव्हाचा आहे. वारा किनाऱ्याकडे, पुढे खडप, इंजिन ओढूनही चालू होत नाही. अशा वेळी होडीला नांगराखेरीज दुसरा ब्रेक नाही. त्या घडीला नांगर जाळ्याखाली, दोर इंधनाच्या कॅनमागे आणि साखळी भलत्याच कप्प्यात असेल, तर नांगर असून नसल्यासारखा. म्हणून जागा निवडताना रोजच्या सोयीपेक्षा त्या घडीचा विचार आधी करा.

आणि घाईत माणूस नांगर जिथे ठेवलेला असतो तिथूनच टाकतो. मागे ठेवला तर मागूनच टाकणार. मागून नांगरलेली लहान होडी लाटेला पाठ देऊन उभी राहते. आउटबोर्ड होडीची मागची फळी इंजिनसाठी मुळातच खाली कापलेली, त्यात इंजिनाचं वजन आणि सुकाण्यावर बसलेला माणूस. दोर ताणला की मागचा भाग आणखी दबतो आणि पुढची लाट सरळ आत येते. दोन लाटा पुरतात. म्हणून नांगर पुढे, नाळेत. यावर आम्ही वाद घालत नाही.

नाळेतल्या जागेचे पर्याय

खालच्या सगळ्या जागा किनाऱ्यावरच्या होड्यांत पाहायला मिळतात. खर्च कमी असलेल्या आधी घेतल्या आहेत.

- जुना टायर. स्कूटरचा जुना टायर नाळेच्या तळाशी आडवा ठेवायचा, दोन बाजूंनी दोरीने होडीला पक्का बांधायचा आणि चार आकड्यांचा नांगर आकडे खाली करून त्यात बसवायचा. आकडे टायरच्या आत अडकतात, दांडा वर राहतो आणि हाताला लगेच सापडतो. फायबरला ओरखडा नाही, आवाज नाही. टायरच्या खोबणीत पाणी साचतं आणि त्यात गंज उतरतो, म्हणून खालच्या बाजूला चार-पाच मोठी भोकं पाडा. लहान होडीला आम्ही पहिल्यांदा हेच सुचवतो.

- कापलेला निळा ड्रम. बंदरावर सहज मिळणारा प्लास्टिकचा ड्रम गुडघ्याएवढ्या उंचीवर कापा. खाली दोर, वर साखळी, सगळ्यात वर नांगर. एका जागी सगळं राहतं, हा मोठा फायदा. कापलेली कड धारदार असते, ती घासून त्यावर जुन्या पाइपची चिरलेली नळी चढवा, नाहीतर प्रत्येक वेळी दोर तिथेच झिजेल. तळाला भोकं हवीतच. ड्रम होडीला बांधलेला हवा, कारण नांगर टाकताना रिकामा झालेला ड्रम हलका होतो आणि उडतो. ज्या ड्रममध्ये आधी रसायन होतं तो फुकट मिळाला तरी घेऊ नका.

- पीव्हीसी पाइप. चार इंची पाइपचा हातभर तुकडा नाळेत उभा बसवून त्यात नांगराचा दांडा खोचतात. दिसायला नीटनेटकं दिसतं. पण आकडे वर राहतात, नेमके पोटाच्या उंचीवर. लाटेत तोल गेलेला माणूस तिथेच पडतो, आणि जाळं ओढताना ते तिथेच अडकतं. हे करायचंच असेल तर आकड्यांवर जाड कॅनव्हासची टोपी चढवा. आमचं मत विचाराल तर टाळा.

- नाळेवरचा रोलर किंवा ब्रॅकेट. नांगराचा दांडा रोलरवर आणि फाळ बाहेर, असं बसवलं की टाकणं-उचलणं सोपं होतं, आतली जागा मोकळी राहते. नांगर वारंवार टाकावा लागत असेल, गळाने मासेमारी करत असाल, तर खर्च वसूल होतो. अट एकच: खालचं फायबर ते वजन पेलणारं हवं. नुसते स्क्रू मारून भागत नाही. आतून जाड प्लायचा तुकडा, मोठे वॉशर, आरपार बोल्ट आणि भोकांना सीलंट, एवढं हवं. काही होड्यांच्या नाळेत फोम भरलेली हवाबंद पोकळी असते; होडी उलटली तर तीच तिला तरंगती ठेवते. तिला भोक पाडू नका. होडी बांधणाऱ्याला विचारल्याशिवाय ड्रिल लावूच नका.

- नाळेखालचा बंद कप्पा. दोर ठेवायला ठीक, नांगरासाठी अडचणीचा. झाकण उघडायला एक हात, नांगर ओढायला दुसरा, मग स्वतःला धरायला हात उरत नाही. शिवाय आत कायम दमटपणा.

नांगर नाळेबाहेर दोरीने लटकवून ठेवण्याची पद्धत दिसते, विशेषतः रोज थोड्या अंतरावर जाणाऱ्यांत. ती सोडा. लाटेच्या प्रत्येक हेलकाव्याला तो होडीवर आपटतो, आणि जेट्टीला गर्दीत शिरताना शेजारच्या होडीचा दोर किंवा माणसाचा पाय त्यात अडकतो. तळावर मोकळा ठेवण्याबद्दल तर बोलायलाच नको.

बांधायचा कसा

जागा कितीही चांगली असली तरी नांगर बांधायला हवा. निरगाठ मारू नका. ओला दोर फुगतो, गाठ आवळते, आणि थंडीच्या पहाटे गारठलेल्या बोटांनी ती सुटत नाही. दांड्याला दोन वेढे देऊन सुरगाठ मारा, म्हणजे मोकळं टोक ओढलं की एका झटक्यात सुटेल. ते टोक वीतभर लोंबतं ठेवा आणि नेहमी एकाच बाजूला. अंधारात ते शोधावं लागता कामा नये.

जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी याहून सोपी पडते. एक टोक कायमचं बांधलेलं, दुसऱ्या टोकाला मोठा फास, तो खुंटीवर अडकवायचा. ताण राहतो, खडखड होत नाही, एका हाताने निघतो. उन्हाने रबर चिरतं, म्हणून पट्टी अधूनमधून ताणून पाहा आणि भेग दिसली की बदला. हुक असलेले इलास्टिकचे तयार पट्टे मात्र आम्हाला आवडत नाहीत. सुटताना हुक डोळ्यावर येतो, आणि खाऱ्या हवेत त्याची तार गंजून तुटते.

बांधून झालं की दोन कसोट्या घ्या. पहिली, होडी किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात असताना दोघांनी कड धरून जोरात हलवा. नांगर बोटभरही सरकला तर बांधणी कमी पडली. दुसरी, होडीवरच्या सगळ्यात नवख्या माणसाला डोळे मिटून नांगर सोडवायला सांगा. तुम्ही सावकाश दहा आकडे मोजेपर्यंत नांगर त्याच्या हातात हवा. तांडेलाला जमतं म्हणून भागत नाही. त्या वेळी तांडेल इंजिनशी झटापट करत असतो.

दोर आणि साखळी: खरा घोळ इथे

नांगर पडून माणूस जखमी होण्यापेक्षा दोरात पाय अडकून जखमी होण्याचा धोका जास्त. म्हणून दोर कसा ठेवता याकडे नांगरापेक्षा अधिक लक्ष द्या.

दोराचं होडीकडचं टोक कायम खुंटाला बांधलेलं असू द्या. ऐकायला साधं वाटतं. पण नांगर टाकला, दोर सरसर गेला आणि शेवटचं टोकही गेलं, हे प्रत्येक बंदरावर कुणा ना कुणाचं झालेलं आहे. टोक बांधायचा खुंट किंवा कडी आरपार बोल्टने बसवलेली हवी. बसायची फळी, कठडा, इंजिनाचा क्लॅम्प यांना नांगराचा दोर कधी बांधू नका. आणि खुंटाजवळ एक सुरी म्यानात घालून बांधून ठेवा. मोठं जहाज अंगावर येतंय आणि नांगर निघत नाही, अशी वेळ आली तर दोर कापायचाच असतो. दोर गेला तर गेला.

गुंडाळी करू नका. वेटोळं करून ठेवलेला दोर दिसतो छान, सुटताना मात्र त्यात पीळ पडतात आणि गाठोडं बाहेर येतं. त्याऐवजी दोर आत येईल तसा क्रेटमध्ये किंवा ड्रममध्ये नुसता सोडत जा. खुंटाकडचा भाग आधी आत जातो, नांगराकडचा शेवटी. टाकताना तोच उलट क्रमाने सुटतो, गुंतत नाही. मासळीचं जुनं क्रेट यासाठी उत्तम: भोकं असतात, पाणी निथळतं, वारा लागतो. फक्त ते दोराशिवाय कशालाही वापरायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. नाहीतर एके दिवशी त्यात बांगडे भरलेले आणि दोर वाळूत पडलेला दिसेल.

दोर कुठल्या जातीचा आहे यावरही ठेवण्याची पद्धत ठरते:

- पॉलिप्रॉपिलीन (बाजारातला निळा-हिरवा-नारिंगी स्वस्त दोर) पाण्यावर तरंगतो. होडीतून एक वळसा बाहेर घसरला तर तो थेट इंजिनाच्या पंख्याकडे जातो. उन्हात हा दोर लवकर कुजतो. हातावर बारीक भुसा लागायला लागला की समजा आयुष्य संपलं. त्याला सावली किंवा झाकण हवं.
- नायलॉन बुडतो आणि ताणला जातो, त्यामुळे लाटेचा झटका सोसतो. नांगराला हा चांगला. पण बॅटरीतलं आम्ल त्याला खातं. बॅटरी आणि नायलॉनचा दोर एका कप्प्यात कधीच नको.

दोर नवा घेताना लांबीचा विचार आपल्या किनाऱ्याप्रमाणे करा, कारण तेवढा दोर मावेल एवढी जागाही लागणार. शांत हवेत पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट, वाऱ्यात सातपट दोर सोडावा लागतो, आणि खोली धरायची ती भरतीची. मुंबई-पालघरकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. मालवण-वेंगुर्ल्याकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. ओहोटीला तीन मीटर पाणी आहे म्हणून पंधरा मीटर दोर ठेवलेल्या वसईच्या होडीचा नांगर भरतीला तळ सोडणारच.

साखळी दोराच्या शेवटी, नांगराला लागून ठेवा. आठ मिलिमीटरची साखळी मीटरला साधारण दीड किलो भरते, म्हणजे चार मीटर साखळी सहा किलोची. हे वजन नाळेत येतं, हे लक्षात घेऊन बाकीचं सामान मागे सरकवा. साखळीसाठी कॅनव्हासची लांबट पिशवी शिवून घेतली तर आवाज, गंजाचे डाग आणि ओरखडे तिन्ही वाचतात. शॅकलचा आटा आपोआप सैल होतो, म्हणून पिनच्या भोकातून गॅल्वनाइज्ड तार ओवून पिळून टाका.

जाळ्यापासून लांब

नांगर आणि जाळं एका बाजूला ठेवायचं नाही, हे लहान मुलालाही कळतं. तरी होडीत जागा कमी म्हणून तेच होतं. जाळं परत घेताना ते पायांपाशी पसरत जातं, नाळेपर्यंत पोचतं, आणि एक आकडा आत शिरला की अर्धा तास गेला. त्याहून वाईट म्हणजे नांगर टाकताना जाळंही सोबत जातं आणि ते माणसाला ओढतं. होडीच्या आत आडवी फळी किंवा बांबू बांधून हद्द घाला: पुढे नांगर, मागे जाळं. फळी गुडघ्याच्या खाली ठेवा, म्हणजे ओलांडता येईल.

दुमडणारा नांगर घेतला तर हा त्रास बराच कमी होतो. पण त्याच्या आकड्यांना धरून ठेवणारं कडं गंजलं की तो हवा तेव्हा उघडत नाही. दर आठवड्याला उघडून मिटून पाहणार असाल तर घ्या. नाहीतर साधा वेल्डिंगचा चार आकडी बरा.

होडीला आणि बाकी सामानाला काय होतं

फायबरवरचा गुळगुळीत थर, म्हणजे जेलकोट, आतल्या कापडाला पाण्यापासून राखतो. नांगर घासून तो फुटला की आत पाणी मुरत जातं आणि वर काही दिसत नाही. म्हणून नांगर उचलताना कडेवर घासतो त्या जागेवर रबराची पट्टी चिकटवा. ठेवण्याच्या जागेइतकीच ही जागा महत्त्वाची, आणि तीच हटकून विसरली जाते. लाकडी होडीत धोका वेगळा: ओलं लोखंड एकाच जागी महिनोन्‌महिने पडून राहिलं की खालचं लाकूड काळं पडून कुजतं. तिथे नांगराखाली जाड फळी ठेवा आणि ती मधून मधून काढून वाळवा.

होकायंत्र वापरत असाल तर नांगर आणि साखळी त्यापासून निदान दीड-दोन मीटर लांब हवी. जवळचं लोखंड सुईला ओढतं. मोबाइलमधलं होकायंत्रही याला अपवाद नाही; जीपीएसने दाखवलेल्या जागेवर मात्र याचा परिणाम होत नाही. इंधनाच्या कॅनजवळ नांगर ठेवू नका. प्लास्टिकचा कॅन आणि लोखंडी आकडा, दोन्ही हलणारे, यापेक्षा वेगळं कारण सांगायला नको.

रोज नांगर उचलल्यावर

१. इंजिन बंद किंवा न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करूनच दोर ओढायला घ्या.
२. दोर ओढणारा माणूस पाय फाकवून, गुडघे वाकवून बसलेला हवा. उभं राहून ओढू नका. दोर हाताला गुंडाळून तर कधीच नाही.
३. दोर येईल तसा क्रेटमध्ये सोडा. तळावर पसरू देऊ नका.
४. नांगर पाण्याच्या वर आला की बाहेरच दोन-तीनदा बुडवून चिखल सोडवा. रायगड-पालघरकडच्या खाड्यांतला चिखल तसाच आत आला तर होडीचा तळ निसरडा होतो आणि पुढे दिवसभर वास येतो.
५. आकडे वाकलेत का, वेल्डिंगला चीर आहे का, शॅकलची तार जागेवर आहे का, एवढं नजरेखालून घाला.
६. नांगर जागेवर, सुरगाठ, आणि मगच इंजिन.

सहावी गोष्ट चुकली की त्रास होतो. "पुढच्या ठिकाणी टाकायचाच आहे" म्हणून नांगर तसाच कडेवर ठेवून होडी पळवली, एक लाट आली, नांगर बाहेर. होडी वेगात, दोर मागे पंख्याकडे. नाळेत बांधलेला दोर होडीला एका बाजूला खेचतो आणि अशा वेळी लहान होडी उलटतेही.

मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती तळाशी प्रवाळ आहे, आणि हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य म्हणून घोषित आहे. तिथे नांगर हाताशी असला तरी तो प्रवाळावर टाकायचा नाही; वाळूची जागा शोधा. डोलजाळ्यांच्या खुंटांच्या रांगेतही टाकू नका. तिथे नांगर अडकतो आणि मग भांडण.

दुसरा नांगर

ठेवावा. पण दोन्ही नाळेत नकोत, होडी पुढून जड होते आणि लाटेत नाक खुपसते. दुसरा थोडा हलका असला तरी चालेल. तो होडीच्या मध्यावर, तळाशी, फळीखाली बांधून ठेवा. त्याला स्वतःचा दोर लावलेला असू द्या, वेगळ्या पिशवीत. पहिला नांगर दोरासकट गेल्यावर दुसऱ्याला दोर शोधत बसण्यात अर्थ नाही.

वादळाचा इशारा आला की दुसऱ्या नांगराचं मोल कळतं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात देवगडच्या बंदरात नांगरून ठेवलेल्या बोटी सुटून भरकटल्या होत्या. इशारा मिळाल्यावर लहान होडी शक्यतो किनाऱ्यावर ओढून घ्या. ते जमत नसेल तर दोन्ही नांगर नाळेतून, वेगवेगळ्या कोनात टाका आणि होडीत राहू नका. समुद्रात अडकलात तर मदतीसाठी लागणारे, तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक होडीवर रंगाने लिहून ठेवा. ओल्या मोबाइलमध्ये शोधायला वेळ नसतो.

पावसाळ्यात

१ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात होडी शाकारली की नांगर होडीत ठेवायचं कारण उरत नाही. काढून घरी आणा. गोड्या पाण्याने धुवा, उन्हात वाळवा. साधा लोखंडी असेल तर तारेच्या ब्रशने गंज काढून रेड ऑक्साइड आणि वर डांबर किंवा काळा रंग द्या. गॅल्वनाइज्ड असेल तर ब्रशने घासू नका, वरचा जस्ताचा थरच निघून जाईल, धुणं पुरे. दोरही गोड्या पाण्यात बुचकळून सावलीत वाळवा. मिठाचे खडे वळशांत राहिले की धागे आतून कापले जातात. उंदरांपासून दूर, छताला टांगून ठेवा. साखळीच्या कड्या एकेक करून पाहा. एखादी कडी मूळ जाडीच्या पाऊण भागाहून बारीक झाली असेल तर तो तुकडा काढून टाका.

याच वेळी नांगराच्या दांड्यावर वेल्डिंगने होडीचा नोंदणी क्रमांक उठवून घ्या. रंगाने लिहिलेला नंबर एका मोसमात जातो.

चोरी, अपघात, सदोष होडी: तुमचे हक्क

नांगर आणि साखळी भंगारात लगेच विकली जाते, म्हणून जेट्टीवर उभ्या होडीतून ती चोरीला जाते. "एवढ्याशा लोखंडासाठी काय तक्रार" असं म्हणून गप्प बसू नका. चोरीची तक्रार नोंदवून घेणं पोलिसांवर बंधनकारक आहे. गुन्हा दखलपात्र असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असली तरी तो नोंदवता येतो, आणि एफआयआरची प्रत तुम्हाला मोफत मिळते. दांड्यावर उठवलेला क्रमांक, खरेदीची पावती आणि नांगर होडीत असतानाचा एखादा फोटो असेल तर काम सोपं होतं. होडीचा विमा असेल तर त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवा. वेगळं करता येणारं सामान पॉलिसीत धरलं आहे का, हे विमा घेतानाच विचारा. बऱ्याच जणांना हे चोरी झाल्यावर कळतं.

दोरात बोटं किंवा पाय अडकून खलाशी जखमी झाला तर प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतल्या गट अपघात विम्याची आठवण ठेवा. १८ ते ७० वयाच्या मच्छीमारांसाठी तो आहे आणि त्याचा हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरतं, मच्छीमाराला भरावा लागत नाही. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये, कायमचं अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख, आणि अपघातानंतर रुग्णालयाच्या खर्चासाठी २५ हजारांपर्यंत, असं त्याचं स्वरूप आहे. तुमच्या होडीवरच्या प्रत्येकाचं नाव त्यात आहे की नाही, हे मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना कार्यालयात किंवा तुमच्या सोसायटीत मोसम सुरू होण्याआधी पाहून घ्या. अपघात झाल्यावर घरगुती मलमपट्टी करून थांबू नका. सरकारी दवाखान्यात नोंद करा, कारण त्या कागदाशिवाय दावा पुढे सरकत नाही.

नव्या होडीचा नाळेतला खुंट किंवा कडी पहिल्याच मोसमात उपटली, ब्रॅकेटखालचं फायबर चिरलं, तर बांधणारा सहसा म्हणतो, "तुम्ही नांगर जड लावलात." म्हणून होडी घेतानाच नांगराचं वजन सांगा आणि खुंट किती ताण पेलेल ते बिलावर लिहून घ्या. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली होडी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या दृष्टीने व्यापारी खरेदी ठरत नाही, तुम्ही ग्राहकच राहता. आधी लेखी तक्रार आणि फोटो पाठवा. उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोला, आणि त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. दोष उघड झाल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. होडीसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. उपटलेला खुंट मात्र दुरुस्तीला देऊ नका; निकाल लागेपर्यंत तो, बोल्टांसकट, जपून ठेवा.